जंतूच्या पोटातले विष आणि त्याचा उतारा

बहुतेक घरांत फ्रिजच्या डोक्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात औषधांचा एक डबा असतो. तळाशी थोडेसे उरलेले खोकल्याचे औषध, बाम, थर्मामीटर आणि अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. मागच्या पावसाळ्यात अब्बूंना ताप आला होता तेव्हाच्या तीन गोळ्या, धाकट्याच्या घशासाठी आणलेल्यांपैकी दोन. पुढे कुणाचे अंग तापले की दादी डबा उघडते, "मागे हिनेच उतरला होता" म्हणते आणि एक गोळी हातावर ठेवते. यात माया असते, डॉक्टरांची फी वाचवण्याची निकडही असते. म्हणून त्या डब्याची थट्टा आम्ही करणार नाही. मात्र त्यातल्या काही गोळ्या इतर गोळ्यांसारख्या नसतात. ताप उतरवणारी पॅरासिटामॉल फक्त घेणाऱ्याच्या अंगावर काम करते. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम ही प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स. ती आपल्या पोटातल्या कोट्यवधी जंतूंवर काम करतात, आणि ते जंतू घेतलेला धडा एकमेकांना देतात.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख करून देणारे प्रकरण आहे. ते शिकवताना आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. जंतूंना औषधाची सवय झाली म्हणता ना, मग ते औषध काही वर्षे बंदच ठेवायचे. जंतू विसरतील, मग पुन्हा सुरू करायचे. प्रश्न हुशार आहे. शास्त्रज्ञांनाही अशी आशा होती आणि तिच्यामागे तर्क होता. औषधाला तोंड देण्याची सोय अंगावर बाळगायला जंतूला खर्च येतो. औषधच नसेल तर ते ओझे त्याने का वाहावे? जे जंतू ओझे टाकतील ते भराभर वाढतील आणि ओझेवाले मागे पडतील.

काही ठिकाणी असे थोडेफार घडतेही. पण अनेकदा घडत नाही, कारण ते ओझे टाकणाऱ्या जंतूला मारून टाकण्याची व्यवस्था त्या ओझ्यातच केलेली असते. ही व्यवस्था काय आहे ते समजले तर त्या डब्याकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून हा लेख.

बांगडी

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू घ्या. त्याच्या पेशीत डीएनएचा एक मोठा गोल असतो. अक्षरांत मोजले तर सुमारे 46 लाख अक्षरांचा. जगण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्यात लिहिलेली असते. याशिवाय पुष्कळ जंतूंत डीएनएची एखादी छोटी बांगडी वेगळी तरंगत असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. तिच्यावाचून जंतू एरवी जगू शकतो. तिच्यावर जास्तीची कलमे असतात, आणि त्यांत औषधाचे तुकडे करणारी किंवा औषध पेशीबाहेर फेकणारी जनुके असू शकतात.

या बांगडीचे वैशिष्ट्य असे की ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, मध्ये नळीसारखा पूल तयार होतो आणि बांगडीची एक प्रत पलीकडे सरकते. मूळ बांगडी देणाऱ्याकडेच राहते. घेणारा त्याच जातीचा असायला हवा असेही नाही. 1959 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की आतड्यातल्या साध्या जंतूकडून हगवणीच्या जंतूकडे एकाच फटक्यात अनेक औषधांचा प्रतिकार जाऊ शकतो. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, परीक्षेत कॉपी पसरावी तसा. ते त्यांना लगेच पटते.

आता अडचण अशी की मोठ्या बांगड्यांच्या एका पेशीत एकदोनच प्रती असतात. ई. कोलायला चांगले खायला मिळाले तर तो वीस मिनिटांत दुभागतो. एकाचे दोन होताना एखाद्या पिल्लाच्या वाट्याला बांगडी आलीच नाही, असे व्हायला हवे. असे बिनबांगडीचे जंतू हलके असणार, त्यांची पैदास जोरात होणार आणि काही दिवसांत बांगडीवाले नाहीसे होणार. प्रत्यक्षात बांगड्या वर्षानुवर्षे टिकून राहतात. वाटणी नीट व्हावी यासाठी त्यांच्याकडे वेगळी यंत्रणा असते हे खरे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नव्हता.

1983 मध्ये जपानमधल्या तेरु ओगुरा आणि सोता हिरागा या दोघांनी एफ नावाच्या प्रसिद्ध प्लाझ्मिडवर दोन जनुके शोधली. बांगडीच्या प्रती कमी पडल्या की पेशी दुभागणे थांबते, असे त्यांना दिसले. सुरुवातीला वाटले की पेशी बांगडी तयार होण्याची वाट पाहत थांबते. पुढच्या दोन वर्षांत उलगडा झाला की ती वाट वगैरे पाहत नाही, ती मरते. त्या दोन जनुकांपैकी एक विष बनवते आणि दुसरे त्या विषावरचा उतारा. उर्दूत ज्याला तिर्याक म्हणतात, तो.

दोन्ही एकाच बांगडीवर, एकमेकांच्या शेजारी. मग जंतू जगतो कसा आणि मरतो कधी? सगळी गोम टिकाऊपणात आहे. स्वयंपाकघरातले मीठ आणि दूध डोळ्यांसमोर आणा. मीठ बरणीत वर्षभर राहते. दूध संध्याकाळपर्यंत टिकले तर नशीब, ते रोज ताजे यावे लागते. जंतूतले विष मिठासारखे आहे आणि उतारा दुधासारखा. पेशीतली सफाई करणारी प्रथिने उताऱ्याचे सतत तुकडे करत असतात. बांगडी घरात आहे तोवर नवा उतारा रोज बनतो, तो विषाला मिठी मारून बसतो आणि काही बिघडत नाही. दुभागताना एखाद्या पिल्लाला बांगडी मिळाली नाही, तरी आईच्या पेशीतले विष आणि उतारा दोन्ही त्याच्या वाट्याला आलेलेच असतात. आता नवा उतारा बनवणारे कुणी नाही. जुना उतारा झिजतो. विष मोकळे होते. बांगडी सोडली म्हणून हलके झालेले ते पिल्लू वाढण्याआधीच संपते.

शास्त्रज्ञ याला प्लाझ्मिडचे व्यसन म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे. तंबाखू खाणाऱ्याला विचारा, ती घेऊन बरे वाटते म्हणून तो घेत नाही, सोडली की जीव जातो असे वाटते म्हणून घेतो. जंतूच्या बाबतीत जीव खरोखरच जातो.

डेन्मार्कमध्ये केन गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये आर-1 नावाच्या प्लाझ्मिडवरची अशीच दुसरी जोडी सविस्तर मांडली. तिच्यातल्या विषाचे नाव हॉक, म्हणजे यजमानाला मारणारे. ते पेशीचे आवरण बिघडवते. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी रिकाम्या, भुतासारख्या दिसतात. पुढे अशा जोड्या जागोजाग सापडत गेल्या.

एफ बांगडीवरच्या विषाची एक गोष्ट वाचून आम्ही थोडा वेळ थबकलो. डीएनएचा पीळ सोडवणारे गायरेज नावाचे एक प्रथिन जंतूत असते. ते विष नेमके त्याच प्रथिनाला जखडते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन या आपल्या डब्यातल्या गोळ्याही नेमके तेच प्रथिन जखडतात. माणसाने कारखान्यात घडवलेल्या औषधाचे जे लक्ष्य, तेच जंतूच्या अंगातल्या या फासाचेही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषाच्या रचनेवर वर्षानुवर्षे काम चालू आहे.

मद्रास, कोझिकोड, मुंबई

हे सगळे प्रयोगशाळेतले, असे कुणाला वाटू शकते. तर ऑक्टोबर 1992 मधली मद्रासची गोष्ट घ्या. तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, एक नवी साथ उठली. जंतू ओळखीचा होता, पण त्याचे वरचे आवरण बदललेले. त्याला ओ-139 असा क्रमांक मिळाला. बंगालच्या उपसागराच्या काठाने तो काही महिन्यांत कोलकाता आणि बांगलादेशापर्यंत पोहोचला. आधी कॉलरा होऊन गेलेली मोठी माणसेही त्याला बळी पडली, कारण जुनी प्रतिकारशक्ती त्याला ओळखत नव्हती. या जंतूने सल्फामेथोक्साझोल, ट्रायमेथोप्रिम आणि स्ट्रेप्टोमायसिन या औषधांना दाद दिली नाही.

1996 मध्ये त्यामागचे कारण सापडले. जंतूच्या मोठ्या डीएनएत घुसून बसलेला एक फिरता तुकडा. नाव एसएक्सटी. हा तुकडा प्लाझ्मिडसारखा सदैव तरंगत नाही. एरवी तो यजमानाच्या डीएनएत शिवलेला असतो, कधीतरी बाहेर निघून गोल होतो आणि दुसऱ्या जंतूत जातो. तो बाहेर निघालेला असताना पेशी दुभागली तर हरवून जायचा धोका. 2009 मध्ये अमेरिकेतल्या रेचल वोझ्नियाक आणि मॅथ्यू वॉल्डर यांनी दाखवले की या तुकड्यावरही विष-उताऱ्याची एक जोडी आहे, आणि तुकडा बाहेर निघून धोक्यात आला की नेमकी तेव्हाच तिची जनुके जास्त जोराने काम करतात. सामान गाडीबाहेर ठेवले की पहारा वाढवावा, तसे. यात कुणाची अक्कल नाही, जंतूला मेंदू नसतो. ज्या तुकड्यांना हे जमले तेवढेच टिकून आपल्यापर्यंत आले.

टायफॉइडची गोष्ट आपल्या घरांच्या अधिक जवळची. आपल्याकडे जुनी माणसे त्याला मुदतीचा ताप म्हणतात. 1948 पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यावरचे हुकमी औषध होते. 1972 मध्ये केरळमधल्या कोझिकोडला साथ आली आणि औषध चालेना. तिथल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी जाहीर केले की हा प्रतिकार एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा आहे. म्हणजे बांगडी. पुढे 1980 च्या दशकाअखेर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधे निकामी करणारे टायफॉइडचे जंतू देशभर दिसू लागले. तिन्ही प्रतिकार एकाच बांगडीवर. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले.

इथे वर्गातल्या त्या हुशार प्रश्नाची कसोटी लागते, आणि उत्तर सरळ हो किंवा नाही असे मिळत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळजवळ थांबल्यावर भारतात त्याला दाद देणारे टायफॉइडचे जंतू खरोखर परत आले. आज प्रयोगशाळेत बहुतेक नमुने त्याला दाद देतात. पण यात दोन दशके गेली, आणि त्या दोन दशकांत सिप्रोफ्लॉक्सासिन हातचे गेले. एक औषध परत मिळवताना दुसरे गमावले. शिवाय ते दुसरे परत मिळणे आणखी अवघड, कारण तो प्रतिकार बांगडीवरचा नाही, टायफॉइडच्या जंतूने स्वतःच्या मुख्य डीएनएत केलेला बदल आहे.

2016 च्या अखेरीपासून सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉइडची आणखी कठीण साथ सुरू झाली. त्या जंतूने आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंत फिरणारी एक बांगडी उचलली होती, त्यामुळे सेफट्रायॅक्झोनची इंजेक्शनेही गेली. तोंडाने घेण्याचे जवळजवळ एकच औषध उरले, अझिथ्रोमायसिन. आपल्याकडे सर्दीखोकल्यासाठी तीन दिवस तीन गोळ्या म्हणून मेडिकलच्या काउंटरवरून सर्रास उचलली जाते, तीच. सर्दी विषाणूने होते, तिच्यावर या गोळीचा काहीही उपयोग नसतो.

मुंबईचे नाव या इतिहासात 2010 मध्ये येते. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2009 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये मिळालेले, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे 24 जंतू तपासले. त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 हे जनुक निघाले. त्याआधी 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या, मूळ भारतीय वंशाच्या एका रुग्णात ते प्रथम सापडले होते. नावात नवी दिल्ली घातल्याबद्दल मोठा वाद झाला. नावावरचा राग आम्हाला समजतो, पण त्या गदारोळात मुंबईच्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या मासिकात प्रामाणिकपणे छापलेले आकडे मागे पडले, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते. हे जनुकही बांगडीवरच फिरते.

एक रिपोर्ट

आमच्या नात्यातल्या एका वयस्क खालांना मधुमेह आहे. लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप, हा त्यांना वर्षातून दोनतीनदा होणारा त्रास. दर वेळी ओळखीच्या गोळ्या घ्यायच्या, दोन दिवसांत बरे वाटायचे. एका खेपेला गोळ्यांनी ताप हललाच नाही. लघवीची कल्चर तपासणी केली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: औषधांची लांब यादी, प्रत्येकापुढे आर किंवा एस. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. तोंडाने घ्यायच्या जवळजवळ सगळ्या गोळ्यांपुढे आर होता. एस उरला तो शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे. रोज रिक्षाने दवाखाना, हाताला सुई, आणि त्या दिवसांच्या खर्चासाठी मोडलेली भिशी. खाला बऱ्या झाल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या मनात राहिला: "मी तर सहा महिने एकही गोळी घेतली नव्हती, मग जंतू एवढा पक्का कसा?"

त्याचे उत्तर बांगडीत असू शकते. लघवीच्या विकारात सापडणाऱ्या ई. कोलायमध्ये सीटीएक्स-एम-15 हे जनुक भारतात फार आढळते, आणि ते बहुतेकदा एफ घराण्यातल्या प्लाझ्मिडवर बसलेले असते. इंग्लंडमधल्या अशा एका प्लाझ्मिडचे 2009 मध्ये पूर्ण वाचन झाले. त्यावर दहा औषधप्रतिकारी जनुके निघाली, आणि विष-उताऱ्याच्या एकाहून अधिक जोड्या. अशी बांगडी एकदा आतड्यातल्या जंतूंत शिरली की सहा महिने औषध बंद ठेवल्याने ती आपोआप गळून पडत नाही. सोडणारे पिल्लू मरते, बाळगणारे जगते.

आणखी एक तितकीच महत्त्वाची गोष्ट. दहा जनुके एकाच बांगडीवर असली की त्यांतल्या कोणत्याही एका औषधाचा वापर बाकीच्या नऊंना पोसतो. सेफिक्झिम कुणी घेतलेच नाही, पण दुसरेच काही घेतले, तरी सेफिक्झिमचा प्रतिकार बांगडीबरोबर वाढतो.

आणि ही बांगडी माणसांपुरती थांबत नाही. आपला नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर) दुधाचा जिल्हा आहे. संगमनेर, राहाता, कोपरगाव, अकोले या भागांत घरटी गायी आहेत. गायीला दगडी झाली, म्हणजे कास सुजून दूध फाटायला लागले, की सडात प्रतिजैविकाची नळी सोडावी लागते. ते योग्यच आहे, जनावरालाही दुखते. प्रश्न येतो तो औषध चालू असलेल्या दिवसांचे दूध डेअरीत घातले जाते तेव्हा, आणि जनावर आजारी नसतानाही खाद्यातून औषध दिले जाते तेव्हा. कोंबड्या लवकर वजनाला याव्यात म्हणून कोलिस्टिन दिले जात असे. हे औषध माणसासाठी अगदी शेवटचे, बाकी सगळे हरल्यावर वापरायचे. त्याला निकामी करणारे जनुक चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत, तेही बांगडीवर, सापडल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

डाळिंबाच्या बागांतही तेच. तेल्या रोग जिवाणूमुळे होतो, म्हणून शेतकरी स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी पाण्यात मिसळून फवारतो. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ही माणसाचीच दोन औषधे असतात. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला. कर्ज काढून लावलेली बाग तेल्याने काळी पडताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला उपदेश करणे सोपे आहे, दुसरा पर्याय हातात देणे अवघड. रोगट फांद्या छाटून जाळणे, बहार योग्य वेळी धरणे हे मार्ग आहेत, पण ते वेळ आणि मजुरी मागतात.

बकरी ईदच्या आधी काही महिने घरी बकरा पाळणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. बकरा खोकू लागला की कुणीतरी इंजेक्शन टोचतो. प्रत्येक औषध मांसातून निघून जायला ठरावीक काळ लागतो, काहींना काही दिवस, तर काहींना आठवडे. कुर्बानीची तारीख सांगून तो काळ पशुवैद्यकांना आधीच विचारून घ्यावा.

मग करायचे काय

टीबीबद्दल आधी सांगितले पाहिजे, नाहीतर घोटाळा होईल. टीबीच्या जंतूत विष-उताऱ्याच्या ऐंशीच्या आसपास जोड्या आहेत, पण त्या त्याच्या मुख्य डीएनएतच आहेत. तो औषधप्रतिकार बांगडीने कुणाला देत नाही. त्याचा प्रतिकार त्याच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलाने येतो, उपचार अर्धवट सुटले की तोच निवडला जाऊन वाढतो, आणि तसा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडेही जातो. म्हणून टीबीचे औषध बरे वाटले तरी एकही दिवस न चुकवता डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायचे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. बाकीच्या आजारांतही किती दिवस घ्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे, आपण कमी करायचे नाही आणि 'राहू दे अजून दोन दिवस' म्हणून वाढवायचेही नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात जाता कामा नयेत.

गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती पाहायला मुलांना शिकवा. 2016 पासून सरकार तिची ओळख करून देत आहे. लाल रेघ म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना घरातल्या पट्ट्यांवर लाल रेघ शोधायला सांगितले तेव्हा त्यांनी आयांना जेवढे प्रश्न विचारले तेवढे आमच्या व्याख्यानाने कधी विचारले नसते.

बांगडीवरचा उतारा अडवून जंतूला त्याच्याच विषाने मारता येईल का, यावर जगात संशोधन चालू आहे. ऐकायला सुंदर, पण अजून प्रयोगशाळेतच. आपल्या हातात जे आहे ते साधे आहे, आणि त्याची खुबी अशी की त्याच्याविरुद्ध कोणतीही बांगडी चालत नाही. साबणाविरुद्ध जनुक नाही. पाच वेळा वुजू करणाऱ्या घरात हात धुण्याची सवय नवी नाही, फक्त शौचाहून आल्यावर आणि कणीक मळण्याआधी पाण्याबरोबर साबण हवा. उकळलेल्या पाण्याविरुद्धही जनुक नाही. पाथर्डी आणि पारनेरच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्यावे लागते, तिथे इंधन महाग असले तरी लहान मुलांपुरते पाणी उकळावेच. कॉलरा आणि जुलाबात जीव वाचवते ती मुख्यतः मीठ-साखर-पाणी. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेच पाजून हजारो जीव वाचवले. त्या पाकिटाचे नाव ओआरएस, आणि मद्रासच्या त्या औषध न जुमानणाऱ्या जंतूपुढेही ते तितकेच चालत होते.

आणि लस. लस घेतलेले मूल आजारीच पडले नाही तर त्याला औषध लागत नाही, आणि बांगडीला पोसणारा एक प्रसंग टळतो. टायफॉइडची जुनी लस दोन वर्षांखालच्या मुलांना देता येत नसे आणि तिचा असर तीनेक वर्षांत ओसरे. नवी संयुग्म लस हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवली. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतल्या 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. सरकारी पातळीवर ही लस देणारी ती जगातली पहिली ठिकाणे. पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. साथीने होरपळलेल्या सिंधमध्ये नोव्हेंबर 2019 मध्ये तीच लस नियमित लसीकरणात घेतली गेली. आपल्याकडे ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. एकच डोस असतो, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला देता येतो. बाळाला गोवराच्या लसीसाठी नेाल तेव्हा हिच्याबद्दलही विचारा, आणि कार्डावर तारीख लिहून घ्यायला विसरू नका.